हळू आवाजाचा हिशेब

मार्क हॉलिसचा एकमेव एकल अल्बम मी पहिल्यांदा ऐकला तो पुढून-मागून कापलेला. परळच्या एका मित्राने सीडीवरून कॅसेट भरून दिली होती. त्याने सीडी लावली, आवाज काही येईना. टेप फुकट जायला नको म्हणून तो थांबला आणि पियानो सुरू झाल्यावर त्याने रेकॉर्डचं बटण दाबलं. अल्बम सुमारे ४७ मिनिटांचा आणि नव्वदच्या कॅसेटची एक बाजू ४५ मिनिटांची. त्यामुळे पुढची शांतता गाळूनही शेवटचं गाणं पुरतं मावलं नाही. मी कित्येक महिने हे असंच ऐकत राहिलो आणि मला ते पूर्ण वाटत होतं.

पुढे काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाऊसमध्ये सीडी हाती लागली. घरी आणून लावली आणि मीही मित्रासारखाच फसलो. पंधरा-वीस सेकंद काही नाही. वायर निघाली की काय म्हणून मी मागे हात घातला. तेवढ्यात एका खोलीची हवा ऐकू येते आहे असं जाणवलं, आणि मग पियानोचे सूर आले. पहिल्या सुराच्या आधीची ही जागा गायकाने मुद्दाम ठेवलेली आहे, ती अल्बमचा भाग आहे, हे मला तेव्हा कळलं. मित्राने वाचवलेली टेप म्हणजे या कामाचा पहिला परिच्छेद होता.

या लेखात मला या अल्बमचा हिशेब मांडायचा आहे. 'हिशेब' हा शब्द मी जाणूनबुजून वापरतो. हॉलिसवर इंग्रजीत जे लिहिलं गेलं आहे त्यात दोन कल्पना सतत भेटतात. पहिली, प्रसिद्धीला लाथ मारून मौनात गेलेला संत. दुसरी, शांत म्हणजे शुद्ध. दोन्ही कल्पना ऐकायला छान आहेत. पण लालबाग-परळमध्ये वाढलेल्या माणसाला दोन्हींबद्दल शंका यावी अशी कारणं आहेत. ती शेवटी सांगेन. आधी काय घडलं ते पाहू.

बँड

हॉलिसचा जन्म ४ जानेवारी १९५५चा, लंडनच्या टॉटनहॅम भागातला. थोरला भाऊ एड हा संगीताच्या धंद्यात होता. 'एडी अँड द हॉट रॉड्स' या बँडचा तो व्यवस्थापक. धाकट्याच्या कानावर तऱ्हेतऱ्हेचं संगीत पडलं ते त्याच्यामुळे. १९८१मध्ये हॉलिस, ढोलवादक ली हॅरिस, बेसवादक पॉल वेब आणि कीबोर्डवर सायमन ब्रेनर यांनी 'टॉक टॉक' काढला. १९८२मध्ये ईएमआय कंपनीकडून 'द पार्टीज ओव्हर' हा पहिला अल्बम आला. सिंथेसायझरचा तो जमाना होता. चकचकीत आवाज, नाचता येईल असा ठेका, नेटके कपडे. कंपनीला हवा होता तसाच हा बँड दिसत होता.

१९८४च्या 'इट्स माय लाइफ'पासून टिम फ्रीझ-ग्रीन हा निर्माता हॉलिसचा सहलेखक झाला. युरोपात बँडचं नाव झालं. १९८६चा 'द कलर ऑफ स्प्रिंग' चांगला खपला. त्यात सिंथेसायझर मागे पडून पियानो, गिटार, ऑर्गन अशी हाताने वाजणारी वाद्यं पुढे आली होती. त्याच वर्षीच्या दौऱ्यानंतर बँड पुन्हा कधी रंगमंचावर गेला नाही.

खपाच्या जोरावर पुढच्या अल्बमसाठी कंपनीने वेळ आणि पैसा मोकळा सोडला. हॉलिस आणि फ्रीझ-ग्रीन लंडनच्या वेसेक्स स्टुडिओत ध्वनिमुद्रक फिल ब्राऊनसह महिनोन्‌महिने बसले. स्टुडिओ अंधारा ठेवलेला, भिंतीवर तेलाच्या प्रोजेक्टरचे हलते रंग. वादक येत, मनाला येईल तसं वाजवत, आणि तासन्‌तासांच्या मुद्रणातून दोघे काही क्षण निवडून बाकी पुसून टाकत. त्यातून १९८८मध्ये 'स्पिरिट ऑफ ईडन' तयार झाला. रेडिओवर वाजवावं असं त्यात काहीच नव्हतं. कंपनी हवालदिल झाली. बँडला करारातून सुटायचं होतं, प्रकरण न्यायालयात गेलं आणि अखेर बँड मोकळा झाला. त्यानंतर ईएमआयने जुन्या गाण्यांचा संग्रह काढला, तो मात्र जोरात खपला. मग १९९१मध्ये त्याच गाण्यांची, बँडला न विचारता, दुसऱ्यांकडून नवी नाचरी रूपं करवून एक अल्बम काढला. बँडने पुन्हा दावा लावला आणि तो अल्बम बाजारातून मागे घ्यायला लावला.

पॉलिडोरशी दोन अल्बमचा नवा करार झाला. त्यातला पहिला, 'लाफिंग स्टॉक', १९९१मध्ये जॅझसाठी प्रसिद्ध असलेल्या 'व्हर्व्ह' या शिक्क्याखाली आला. वेब आधीच बाहेर पडला होता. या अल्बमनंतर बँड संपला. करारातला दुसरा अल्बम बाकी होता. तो यायला सहा-सात वर्षं लागली, आणि २६ जानेवारी १९९८ला आला तेव्हा त्यावर बँडचं नाव नव्हतं. नुसतं 'मार्क हॉलिस' एवढंच.

मुखपृष्ठही बदललं होतं. टॉक टॉकची सगळी मुखपृष्ठं जेम्स मार्श या चित्रकाराची. पक्षी, झाडं, फुलपाखरं यांनी भरलेली, रंगीत. इथे एकच छायाचित्र, स्टीफन लव्हेल-डेव्हिस यांनी काढलेलं. मेंढराच्या आकारात भाजलेला ईस्टरचा पाव. जरासा ओबडधोबड, किंचित भीतीदायकही.

एक खोली, दोन मायक्रोफोन

नव्वदच्या दशकात 'अनप्लग्ड'ची टूम होती. मोठमोठे रॉक गायक खुर्चीवर बसून, साधी गिटार घेऊन आपली जुनी लोकप्रिय गाणी हळू आवाजात म्हणत आणि ते दूरचित्रवाणीवर दाखवलं जाई. हॉलिसचा अल्बम वरवर पाहता त्याच रांगेतला वाटेल, कारण यातही वीज लागणारी वाद्यं नाहीत. फरक असा की अनप्लग्डमध्ये गाणं तेच राहून कपडे बदलतात. हॉलिसने गाण्याची बांधणीच बदलली.

मुद्रणाची पद्धत पाहा. सध्या प्रत्येक वाद्यापुढे वेगळा मायक्रोफोन ठेवतात आणि कुणाचा आवाज किती मोठा ते नंतर टेबलावर ठरवतात. इथे मायक्रोफोनची एक जोडी पुढे ठेवली आणि वादकांना तिच्यापासून कमी-अधिक अंतरावर बसवलं. ज्याचा आवाज लहान हवा तो लांब बसला. म्हणजे अंतर हे खरंखुरं अंतर आहे. आपल्याकडच्या घरगुती बैठकीत पेटीवाला कुठे बसतो आणि तंबोरे कुठे, यावर जसं गाणं ठरतं तसं. त्यामुळे वाद्याबरोबर बोटांचा, लाकडाचा, श्वासाचाही आवाज येतो. बासरीत सूर येण्याआधीची फुंकर ऐकू येते.

गाणी आठ. पहिल्या गाण्यात फक्त पियानो आणि आवाज. गंमत म्हणजे त्याचं नाव 'द कलर ऑफ स्प्रिंग'. बारा वर्षांपूर्वीच्या खपाऊ अल्बमचं हे नाव, पण त्या अल्बममध्ये या नावाचं गाणंच नव्हतं. जुनं शीर्षक आता कुठे भरलं गेलं, असं वाटतं. 'वेस्टवर्ड बाउंड'मध्ये गिटार आणि आवाज जवळपास एकटेच आहेत. 'द गिफ्ट' आणि 'द डेली प्लॅनेट'मध्ये ढोल-बेसचा ठेका आहे, तोही खालच्या आवाजात. इतरत्र क्लॅरिनेट, बासून, कोर आंग्ले, बासरी, तुतारी, माउथ ऑर्गन, आणि आपली ओळखीची हार्मोनियमही. वादकांची यादी लांबलचक आहे. पाश्चात्त्य समीक्षेत या अल्बमला 'मिनिमल' म्हणतात, त्यावरून दोन-तीन माणसांचं काम वाटावं. प्रत्यक्षात माणसं भरपूर आहेत, फक्त एका वेळी थोडीच बोलतात. गिरगावातल्या भरल्या घरातल्या दुपारी असते तशी ही शांतता आहे. घरात दहा माणसं असतात आणि कुणीतरी झोपलंय म्हणून सगळी जपून वावरतात.

हॉलिस मुलाखतींत एक गोष्ट वारंवार सांगे. दोन सूर वाजवायच्या आधी एक सूर वाजवायला शिका, आणि तो एकही कारण असल्याशिवाय वाजवू नका, असा त्याचा मथितार्थ. हे सुभाषित म्हणून फार मिरवलं गेलं आहे. पण 'अ लाइफ' किंवा 'वॉटरशेड' ऐकताना ते शब्दशः पाळलेलं दिसतं. तुतारी येते, तीन-चार सूर लावते, निघून जाते. दुसरा कुणी असता तर त्या तुतारीला सोळा मात्रांची फिरत दिली असती. माइल्स डेव्हिस आणि गिल एव्हन्स यांच्या एकत्र कामाचा हॉलिसवर प्रभाव होता, तो इथे दिसतो. सुरांपेक्षा सूर कुठे थांबले याकडे कान लागतो.

आपल्या कानांनी

मराठी रसिकाला हळू आवाजातलं गाणं नवं नाही. त्याचा आपला स्वतःचा इतिहास आहे, आणि तोही समूहाकडून एकट्याकडे येण्याचाच आहे. संगीत नाटक मंडळ्यांच्या काळात गायकाला मायक्रोफोनशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवावा लागे. पल्ला आणि तान ही नुसती कला नव्हती, ती गरजही होती. १९२५च्या सुमाराला विजेवर चालणारं ध्वनिमुद्रण आलं आणि गायकाला मायक्रोफोनच्या कानाशी बोलता येऊ लागलं. भावगीत त्या जवळिकीतून वाढलं. जी. एन. जोशी यांच्या तबकड्या, मग गजाननराव वाटवे यांचे पेटी-तबल्यावरचे कार्यक्रम, पुढे श्रीनिवास खळे यांच्या चाली आणि अरुण दाते यांचा मऊ आवाज, ही ती वाट. गणेशोत्सवात जिथे मेळे मोठ्या आवाजात समूहाने गात, त्याच मांडवात एकटा माणूस पेटी घेऊन बसला आणि लोक ऐकू लागले. गिरगाव-दादरच्या जुन्या श्रोत्यांना हे बदलताना दिसलं आहे.

पण इथे हॉलिस आणि भावगीत यांच्यात मोठी फारकत आहे. यशवंत देव यांनी ज्याला 'शब्दप्रधान गायकी' म्हटलं, त्यात आवाज हळू होतो तो शब्द नीट पोचावा म्हणून. हॉलिसचा आवाज हळू होतो आणि शब्दही जातात. तो ओळीचा शेवट गिळतो, व्यंजनं सोडतो. सीडीबरोबरची पुस्तिका हातात धरूनही नेमकं कोणतं अक्षर चाललं आहे ते कळत नाही. इंग्रजी कच्चं म्हणून मला कळत नसेल, असं मी बरीच वर्षं समजत होतो. मग इंग्रजी हीच मातृभाषा असलेल्या समीक्षकांच्याही याच तक्रारी वाचल्या आणि जिवात जीव आला. भावगीत कानात काहीतरी सांगतं. हॉलिस शेजारी बसून पुटपुटतो, तुम्हाला सांगण्यासाठी नव्हे. हा या अल्बमचा विशेष आहे आणि मर्यादाही. ज्याला कवितेची ओढ आहे त्याला इथे उपाशी राहावं लागतं.

शब्दांबाबत भावगीत जवळचं नाही, मग जवळचं काय? मला वाटतं, उस्ताद अमीर खाँ. त्यांच्या घडणीत मुंबईचा, म्हणजे भेंडीबाजाराचा वाटा आहे. गिरगावातून चालत जाता येईल अशा त्या वस्तीत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात छज्जू खाँ, नझीर खाँ आणि खादिम हुसेन खाँ हे बंधू येऊन राहिले आणि वस्तीचंच नाव घराण्याला मिळालं. दमसास, मोकळा आकार, स्वरांच्या क्रमांचा मेरुखंडी विचार ही त्या घराण्याची ओळख. त्याच घराण्याच्या अमान अली खाँ यांचा प्रभाव अमीर खाँ यांनी घेतला आणि त्यात स्वतःची अतिविलंबित झूमऱ्याची लय मिसळली. तबल्याला साधा ठेका धरायला लावायचा, स्वतः खालच्या सप्तकात रेंगाळायचं, आणि दोन वाक्यांमध्ये भरपूर जागा सोडायची.

दोघांच्या विरामांत एक फरक आहे, आणि तो सांगितल्याशिवाय ही तुलना पुरी होणार नाही. अमीर खाँ थांबतात तेव्हा तंबोरा चालू असतो. आपल्या संगीतात विराम कधीच रिकामा नसतो, त्याच्याखाली षड्ज वाहत असतो. गायक थांबला तरी घर उभं असतं. हॉलिसपाशी तंबोरा नाही. तो थांबला की उरते ती खोलीची हवा, खुर्चीची करकर, आणि पुढचा सूर येईल की नाही ही धाकधूक. हार्मोनियम हाताशी असूनही त्याने ती आधाराला सतत धरून ठेवली नाही. आपल्या संगीतावर वाढलेल्या कानाला हा अल्बम पहिल्यांदा निराधार वाटतो, त्याचं कारण हे असावं. मलाही तो आवडायला वेळ लागला. आणि म्हणूनच त्यातलं धाडस आपल्याला जरा जास्त कळावं.

१८९५–१९१५

अल्बमच्या मध्यावर आठ मिनिटांचं 'अ लाइफ (१८९५–१९१५)' आहे. कंसातली सालं हेच त्याचं कथानक. त्यामागची व्यक्ती म्हणजे रोलंड लेटन, लेखिका व्हेरा ब्रिटन हिचा वाग्दत्त वर. १८९५ साली जन्मलेला हा तरुण १९१५च्या डिसेंबरात फ्रान्सच्या आघाडीवर जखमी होऊन मेला. वय वीस.

युद्धावरचं गाणं म्हटलं की ढोल, बिगूल, आक्रोश अशी अपेक्षा असते. इथे फुंकेची वाद्यं जवळजवळ चाचपडत सुरू होतात, गाणं वेग आणि बाज बदलत जातं, मध्येच सैल होतं. शब्द मोजके, एखाद्याने वहीत टिपून ठेवावेत तसे. वीस वर्षांत एका मुलाच्या कानावर जी संगीतं पडली असतील ती एकामागून एक ऐकू येत आहेत, असं मला वाटतं. शतक बदललं, संगीत बदललं, आणि तेवढ्यात आयुष्य संपलं. मरणाचा क्षण गाण्यात कुठे आहे हे बोट ठेवून दाखवता येत नाही.

या गाण्याने मला साताऱ्याजवळच्या अपशिंग्याची आठवण होते. घरटी सैनिक देणाऱ्या त्या गावात पहिल्या महायुद्धात गेलेल्या गावकऱ्यांचं स्मारक आहे. तिथे माणसांची संख्या कोरलेली आहे. लेटनवर त्याच्या वाग्दत्त वधूने पुस्तक लिहिलं, त्यावरून चित्रपट झाला, गाणं झालं. अपशिंग्यातल्या मुलांच्या कानांवर मरण्यापूर्वी कोणती गाणी पडली होती ते कुणी लिहून ठेवलं नाही. हा काही हॉलिसचा दोष नव्हे. त्याने एकाच माणसाकडे निरखून पाहिलं म्हणून इतरांची आठवण झाली, हे त्या गाण्याचं यश आहे.

गिरणगावातली शांतता

आता माझ्या शंकेकडे येतो.

टॉक टॉकचा पहिला अल्बम आला ते १९८२ साल मुंबईत दुसऱ्याच कारणाने लक्षात आहे. त्या वर्षी १८ जानेवारीला गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. तोवर परळ, लालबाग, शिवडीचा दिवस भोंग्यावर चाले. पाळी सुरू झाली, सुटली, मुलांना उठवायचं, डबा भरायचा, सगळं भोंग्यावर. संपात भोंगे थांबले आणि पुढे बऱ्याच गिरण्यांचे कायमचे थांबले. शांतता काय असते ते मी तिथे शिकलो. ती कुणी निवडलेली नव्हती.

माझे वडील साचेखात्यात होते. खात्यात मागांचा आवाज इतका की माणसं खुणांनी बोलत. वर्षानुवर्षं त्यात काढलेल्या माणसाचे कान जातात, आधी बारीक, उंच आवाज जातात. आमच्या घरात कुणी हळू बोलत नसे. हळू बोललेलं त्यांना ऐकूच येत नसे. संपानंतर तेही फारसं बोलेनासे झाले.

सीडी आणल्यावर काही दिवसांनी मी हा अल्बम लावून बसलो होतो. वडील शेजारी येऊन बसले. थोड्या वेळाने म्हणाले, "अरे, बंद आहे की चालू?" मी आवाज वाढवला. त्यांनी स्पीकरला हात लावला. बेस त्यांना हाताला कळला, म्हणाले, "काहीतरी वाजतंय खरं." पियानोचे उंच सूर, फुंकर, श्वास, ज्यासाठी मी हे सारं ऐकत होतो, त्यातलं त्यांच्यापर्यंत काही पोचत नव्हतं.

त्या दिवसापासून 'शांत म्हणजे शुद्ध' हे वाक्य मला गिळता येत नाही. हळू संगीत सर्वांसाठी नसतं. त्याला धड कान लागतात, निवांत खोली लागते, शेजारी लाउडस्पीकर नसावा लागतो. २०१७पर्यंत कायद्याने रुग्णालयाभोवती १०० मीटरचं शांतता क्षेत्र असे, त्या हिशेबाने परळच्या केईएमभोवतीही ते होतं. गणपतीच्या दिवसांत तिथे उभं राहून पाहावं. आमच्या भागात आवाज ही ऐपत आणि अस्तित्व दाखवायची रीत आहे. बेंजो पार्टीतला पोरगा जीव तोडून वाजवतो तेव्हा तो असंस्कृत नसतो, 'आम्ही अजून इथे आहोत' एवढंच सांगत असतो.

आणि हळू संगीताला पैसाही लागतो. 'स्पिरिट ऑफ ईडन'चे ते अंधारातले महिने आधीच्या नाचऱ्या गाण्यांच्या कमाईवर उभे होते. एकल अल्बमही करारातल्या पैशावर झाला. २००३मध्ये 'नो डाउट' या अमेरिकी बँडने 'इट्स माय लाइफ' नव्याने गायलं आणि ते जगभर गाजलं. गाण्याचे लेखक म्हणून हॉलिस आणि फ्रीझ-ग्रीन यांना त्याचं मानधन मिळालंच असणार. ज्या गाण्यांपासून तो लांब गेला त्यांनीच त्याला लांब राहू दिलं, असा माझा निष्कर्ष आहे. यात लाजण्यासारखं काही नाही. पण संताच्या कथेत हा आकडा गाळला जातो, म्हणून तो इथे लिहितो.

मग उरतं काय

हॉलिसने या अल्बमसाठी दौरा केला नाही. त्यानंतर तो संगीतातून जवळजवळ निघूनच गेला. नाव न देता कुणासाठी थोडा पियानो, नॉर्वेच्या आन्या गारबारेकच्या २००१च्या अल्बममध्ये थोडा हात, २०१२मध्ये एका अमेरिकी मालिकेसाठी छोटी रचना, एवढंच. २५ फेब्रुवारी २०१९ला तो गेला, वय ६४. निवृत्तीचं त्याने दिलेलं कारण अगदी घरगुती होतं. मुलं वाढत होती, घरी राहायचं होतं, आणि संगीतकाराचा फिरता धंदा व बाप असणं एकत्र जमत नव्हतं. चाहत्यांना हे कारण पुरत नाही. त्यांना गूढ हवं असतं. मला मात्र हेच कारण पटतं. पाळी संपली की माणूस घरी जातो.

अल्बमचे दोष मी लपवणार नाही. शब्दांचा उल्लेख वर केलाच आहे. सबंध अल्बमभर गांभीर्य इतकं एकसारखं आहे की कुठेतरी एक हसू हवं होतं असं वाटतं. 'द डेली प्लॅनेट' मला आजही बाकीच्यांपेक्षा कमी घडलेलं वाटतं. त्यातला ठेका जुन्या बँडची सवय म्हणून आल्यासारखा आहे. आणि 'अ न्यू जेरुसलेम' या शेवटच्या गाण्यात जी ख्रिस्ती आशा-निराशा आहे, ती बाहेरून ऐकणाऱ्याला अर्धीच लागते.

तरीही वीसेक वर्षं मी तो ऐकतो आहे. कारण या अल्बमने मला शांतता दिली नाही, ती आमच्या भागात मिळणं शक्यच नव्हतं. ऐकण्याची रीत दिली. पहिल्या पंधरा-वीस सेकंदांत माझ्या खोलीत नक्की काय असतं? शेजारच्या कुकरची शिट्टी, जिन्यात चपला, लांबून रेल्वे, गॅलरीत कुणीतरी कुणाला हाक मारतं आहे. हॉलिसने सोडलेल्या रिकाम्या जागेत लालबाग येऊन बसतं. हॉलिसला यातलं काही ठाऊक असणं शक्य नव्हतं, पण त्याने जागा ठेवली होती.

वडील जाऊन आता बरीच वर्षं झाली. शेवटच्या काळात मी त्यांच्याशी बोलताना ओरडणं सोडून दिलं होतं. समोर बसायचो, ओठ दिसतील असा, आणि सावकाश बोलायचो. एक वाक्य झालं की थांबायचो. ते खात्यातल्या सवयीने ओठांवरून बरंचसं ओळखत आणि आपल्या वेळेने उत्तर देत. कधी अर्धा मिनिटही लागे. आधी मला वाटायचं, त्यांना ऐकू आलेलं नाही, म्हणून मी तेच पुन्हा मोठ्याने म्हणत असे. नंतर थांबायला शिकलो.

मित्राने दिलेली ती कॅसेट अजून आहे. तिच्यावर पियानो एकदम सुरू होतो, मध्येच तुटतो. ती मी क्वचित लावतो. सीडी लावली की मात्र पहिल्या सुरापर्यंत हात मांडीवर ठेवून बसतो, वायर तपासत नाही.